फ्यूज चाळीस रुपयाचा, पण नंबर कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात ई-कचरा गोळा करायच्या मोहिमेची बातमी होती, जुने मिक्सर, टीव्ही, मोबाईल आणून द्या म्हणून. चांगलंय. पण माझं एक मशीन त्या गाडीत जाता जाता राहिलं, तेही फक्त एका आकड्यापायी, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा.

मशीन म्हणजे घरी कॉफीच्या बिया भाजायचा रोस्टर. लातुरात बसून कॉफी भाजतो म्हणलं की लोक आधी हसतात अन् मग विचारतात, का बरं, चहाला काय झालं? नोकरीपायी ९ वर्षं बेंगळुरूला काढली, तिथं सवय लागली, आता चिकमंगळूरहून कच्च्या हिरव्या बिया कुरिअरनं मागवतो अन् दर रविवारी पाव किलो भाजतो. पाव किलोचे भाजून २१०-२१५ ग्रॅम उरतात, बाकी बहुतेक पाण्याची वाफ होऊन जातं. १९५-२०० डिग्रीच्या आसपास बी तडतडायला लागते, डिट्टो नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्यांसारखा आवाज. आईनं पहिल्यांदा ऐकला तर आतून ओरडली, लाह्या करायलास की काय रे?

तर मे महिन्यातल्या एका रविवारी अशीच तडतड सुरू झाली अन् लाईट गेली. लाईट जाणं काही आपल्याला नवीन नाही, पण या मशीनला ते फार बाधतं, कारण हीटर बंद झाला तरी लाल तापलेलाच राहतो अन् त्याच वेळी ड्रम थांबतो, पंखाही थांबतो, मग ती सगळी धग जाणार कुठं, आतल्या आत कोंडून मशीन चालू असताना तापत नाही तेवढं बंद पडल्यावर तापतं. घरभर धूर. शेजारच्या काकू जिन्यात येऊन विचारायल्या, काय जळायलंय? अर्ध्या तासानं लाईट आली तर डिस्प्ले चालू, ड्रम फिरतोय, पंखा फिरतोय अन् हीटर थंडगार.

कंपनीला फोन लावला. फोटो मागवले, व्हिडिओ मागवला, चार दिवसांनी उत्तर आलं की हीटर असेंब्ली पूर्ण बदलावी लागेल, ७,२०० रुपये, वर मशीन पाठवायचं अन् परत आणायचं कुरिअर माझ्याकडून. १९ हजाराच्या मशीनला! मी म्हणलं फक्त थर्मल फ्यूज उडाला असेल हो, त्याचं रेटिंग, म्हणजे तो किती डिग्रीला तुटतो, तेवढं सांगा, मी इथं बसवून घेतो. तर समोरची पोरगी एकदम गोड आवाजात, सर ती इंटरनल माहिती आहे, शेअर करता येत नाही. ती बिचारी पगारी माणूस, तिचा काय दोष. पण मी पैसे देऊन घेतलेल्या मशीनच्या आत काय आहे हे माझ्यापासूनच लपवायचं हे काय गणित आहे मला कळलं नाही.

गंजगोलाईच्या मागं मोटर वाइंडिंगचं एक दुकान आहे, तिथल्या मामांकडं मशीन घेऊन गेलो. बोअरच्या मोटरी भरून देणं हा त्यांचा धंदा, रोस्टर आयुष्यात पहिल्यांदा बघितला. पण दहा मिनिटात खालचं पत्र्याचं झाकण खोललं, मल्टिमीटरची टोकं हीटरला लावली, ४० ओहम दाखवलं. म्हणजे २३० व्होल्टला १,३०० वॅटचा हीटर, एकदम शाबूत. "सर, हीटर ठणठणीत हाय, तुम्हाला येड्यात काढायलेत." मग हीटरच्या अंगाला भुईमुगाच्या दाण्याएवढी चांदीच्या रंगाची नळी होती तिला टोकं लावली, बीप वाजलीच नाही, म्हणजे आतून तुटलेली. हाच तो थर्मल फ्यूज. आत एक गोळी असते, ठरलेल्या तापमानाला ती वितळते अन् स्प्रिंग कॉन्टॅक्ट तोडते. एकदा गेला की गेला, परत जुळत नाही.

अन् गंमत अशी की त्याच्यावरचा आकडा धुरानं पार काळा पडलेला.

मामा म्हणाले डायरेक्ट मारू का? म्हणजे फ्यूज काढून वायरला वायर जोडायची. मी म्हणलं नको. कॉफीच्या बीवर पातळ पापुद्रा असतो, भाजताना तो फोलपटासारखा उडून जाळीत साठतो अन् कागदासारखा पेटतो. पुढच्या वेळी लाईट गेली अन् फ्यूज नसला तर नुसत्या धुरावर भागणार नाही. हे मात्र सगळ्यांना सांगायचंय, इस्त्री असो की गिझर, डायरेक्ट करून घेऊ नका.

मग मामांनी राइस कुकरचे फ्यूज काढले, १८५ डिग्रीवाले, म्हणलं बघू लावून. मी तीन घेतले. पहिला सोल्डरिंगनं उडाला, म्हणजे मामांनी सवयीनं तापलेलं सोल्डरिंग आयर्न लावलं अन् त्या धगीनंच आतली गोळी वितळली, बसवायच्या आधीच खलास! असा फ्यूज सोल्डर करायचाच नाही, वायरीला पितळी नळी लावून पकडीनं दाबायचा. दुसरा तसा बसवला, भाजणी सुरू केली, बाराव्या मिनिटाला हीटर बंद. मशीन नेहमीसारखं चाललं तरी तिथं १८५ च्या वर जातंच, तो बिचारा टिकणार कसा. यात तीन आठवडे गेले अन् तोवर मी लोखंडी कढईत शेंगदाण्यासारख्या बिया हलवत बसलो, निम्म्या करपल्या, निम्म्या कच्च्या.

शेवटी मामांच्या पोरानं जुना फ्यूज थिनरच्या बोळ्यानं पुसला, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला, फोटो मोठा केला अन् वाचलं, २४०. खाली १० ए. म्हणजे २४० डिग्रीला तुटणारा, १० अँपिअरचा. एवढंच! हाच आकडा सांगायला कंपनीची जीभ उचलत नव्हती. फ्यूज मागवला, ४० रुपये, मामांनी मजुरीचे १५० घेतले तेही मी बळंच दिले. मशीन आजतागायत चालू आहे.

आता माझं म्हणणं. याच मामांच्या दुकानात पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या मोटरी येऊन पडतात अन् चालू होऊन परत शेतात जातात. का? कारण स्टार्टर, कपॅसिटर, बेअरिंग सगळ्यावर नंबर छापलेला असतो अन् तो माल कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतो. आपल्याकडं रिपेअर करणाऱ्या हातांचा तोटा नाही, अडतंय ते नंबरापाशी. केंद्र सरकारनं २०२२ च्या जुलैमध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार विभाग आहेत. मी शोधलं, माझ्या मशीनच्या कंपनीचं नाव तिथं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय, नंबर मिळालाय, बघू. माझी मागणी फार मोठी नाही, डब्यात ते बारा भाषांतलं माहितीपत्रक टाकता त्यात एक पान सर्किटचं अन् पार्टच्या रेटिंगचं टाका. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर ती किती सहज रिपेअर होते याचा दहापैकी मार्क छापायला लावलाय. इथंही तसं करा, माणूस घेतानाच बघून घेईल.

वीजवाल्यांनाही एक विनंती, बंद ठेवणार असाल तर आदल्या दिवशी मेसेज टाका. आता मी लाईट गेली की लगेच बिया पितळी परातीत ओततो अन् टेबल फॅनऐवजी सूपानं वारा घालतो, जाळ दिसला तर मात्र दार उघडत नाही, हवा लागून भडकतो.

तिसरा १८५ वाला फ्यूज अजून पडून आहे. मामांच्या काउंटरवर ठेवलाय, कुणाचा राइस कुकर बंद पडला असेल तर घेऊन जा.

– एक वाचक, लातूर