मॅग्नेशियमच्या डबीवर मूत्रपिंडाचा इशारा ठळक छापा

महोदय,

गेली बावीस वर्षे मी तालुक्याच्या गावात औषधाचे दुकान चालवतो. पूर्वी गिऱ्हाईक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायचे, आता मोबाइल पुढे करते. सध्या त्या मोबाइलवर बहुतेक वेळा मॅग्नेशियम असते. झोप नाही, बीपी वाढलाय, जीव घाबरतो, सगळ्यांवर तीच गोळी!

मागच्या महिन्यात एक मावशी रिकामी डबी घेऊन आल्या. "रात्री पायात गोळे येतात, पोरानं मागवली होती. अशीच द्या." बोलता बोलता पिशवीतून फाइल निघाली. रक्तातले क्रिएटिनिन ३.१, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नव्हते. वर बद्धकोष्ठासाठी रोज रात्री पातळ पांढरे औषध, म्हणजे तेही मॅग्नेशियमच. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकते. ते थकलेले असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठते, अंगातली ताकद जाते, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. मी डबी दिली नाही, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी दोन्ही औषधे त्याच दिवशी बंद केली. किडनीचा इशारा डबीवर होता, पण इंग्रजीत आणि इतका बारीक की मी तो भिंगातून वाचला.

दर्शनी बाजूला मात्र ५०० हा आकडा ठसठशीत. तोही फसवा, कारण बहुतेकदा तो नुसत्या मॅग्नेशियमचा नसतो, ते ज्या संयुगाच्या रूपात गोळीत असते त्या संयुगाच्या वजनाचा असतो. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये वजनाच्या साठ टक्के मॅग्नेशियम असते, ग्लायसिनेटमध्ये जेमतेम चौदा टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅम ऑक्साइडमध्ये ३०० आणि तेवढ्याच ग्लायसिनेटमध्ये ७०. पुन्हा ऑक्साइड आतड्यात शोषले जाते कमी आणि जुलाब मात्र करते. हे गिऱ्हाइकाने कुठून ओळखावे?

मॅग्नेशियमची कमतरता खोटी आहे असे मी म्हणत नाही. ॲसिडिटीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते घटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला होता. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही घटते. अशा रुग्णांना डॉक्टर तपासून देतात, ते योग्यच. पण ज्या पेटक्यांसाठी मावशी गोळी घेत होत्या, त्यांवर म्हाताऱ्या माणसांना तिचा फारसा उपयोग होत नाही, असेच आजवरच्या चाचण्यांतून दिसले आहे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी तर दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवायला हवे, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही. हे विचारणारा मला क्वचितच भेटतो.

बाकी ज्यांची तब्येत ठणठणीत आहे, त्यांनी बाजरीची भाकरी खावी. शंभर ग्रॅम बाजरीत सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात वीससुद्धा नाही. तीळ, शेंगदाणे, राजगिरा आपल्या घरात असतातच.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला माझी कळकळीची विनंती आहे. डबीच्या दर्शनी बाजूला प्रत्यक्ष मॅग्नेशियम किती तेवढेच लिहायला लावावे. आणि 'मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये' ही ओळ मराठीत, त्या ५०० एवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच्या शेजारी छापायला लावावी.

— एक औषध विक्रेता, जि. सातारा