थ्रिफ्ट स्टोअरमधल्या साठवणपेटीला जीवदान देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, मी आणलेली ‘माय बुक लाइव्ह’ ही साठवणपेटी आज आपल्या मंडळाच्या जुन्या नाट्यप्रयोगांच्या चित्रफिती सांभाळते आहे, याचे श्रेय सर्वस्वी तुमचे आहे. समोरासमोर तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे खुले पत्र. शिवाय घरच्या नेटवर्कला जोडायच्या अशा वापरलेल्या साठवणपेट्या, म्हणजे ज्यांना आपण नॅस म्हणतो त्या, इथल्या दुकानांत नेहमी येतात. त्या घेणाऱ्यांनाही तुम्ही मला सांगितलेल्या गोष्टी ठाऊक असाव्यात, असे मनापासून वाटते.

पेटी तुमच्या टेबलावर ठेवताच तुम्ही पहिली अट घातलीत ती नेटवर्कची वायर न लावण्याची, आणि त्यामागचे कारणही लगेच सांगितलेत. २०१० साली बाजारात आलेल्या या यंत्राच्या मूळ प्रणालीला २०१५ नंतर सुधारणा मिळाल्या नाहीत. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या अशा पेट्या जगभर दुरूनच फॅक्टरी रीसेट, म्हणजे कारखान्यातून आल्यासारख्या कोऱ्या, केल्या गेल्या आणि अनेकांचा वर्षानुवर्षांचा डेटा पुसला गेला. रीसेटपूर्वी पासवर्ड तपासणाऱ्या ओळी प्रोग्रॅममध्ये होत्या, पण कॉमेंट करून, म्हणजे नुसत्या टिपणासारख्या ठेवून, निष्क्रिय केलेल्या होत्या, हे ऐकून अंगावर काटा आला. स्वस्तात मिळालेली वस्तू घरी आणून थेट राउटरला जोडण्याची आपली सवय किती धोक्याची आहे, हे त्या वेळी नीट कळले.

पेटी सुरू होत नव्हती, तरी तुम्ही तिला मृत मानले नाही. या यंत्राची सारी प्रणाली डिस्कवर असते आणि बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीत असतो तो केवळ यू-बूट, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, त्यामुळे डिस्कवरची प्रणाली बिघडली तरी बोर्ड शाबूत असू शकतो, असे तुम्ही समजावलेत. प्लास्टिकचे कवच खाचांतून अलगद सोडवून, डिस्क बाहेर काढून तुमच्या लिनक्स संगणकाला जोडली, तर डेटाचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा डेटा असलेला भाग, माऊंट होईना, म्हणजे वापरासाठी उघडेना. सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टीमची मूळ माहिती ठेवणारा भाग, खराब असावा, असा संदेश येत राहिला. तो वाचून बहुतेक जण डिस्क केराच्या टोपलीत टाकतील. तुम्ही मात्र शांतपणे फाइल सिस्टीमची माहिती दाखवणारी ‘डम्पईटूएफएस’ ही आज्ञा चालवलीत आणि पडद्यावर उमटलेल्या लांबलचक यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलेत: ब्लॉक साइज ६५५३६, म्हणजे डेटाचा एकेक तुकडा ६४ केबीचा. पेटीतल्या पॉवरपीसी प्रोसेसरवरचे लिनक्स मेमरीची ६४ केबीची पाने वापरते आणि तिची फाइल सिस्टीमही त्याच मापाने बांधलेली असते. आपल्या संगणकावरचे पान ४ केबीचे, म्हणून तुमच्या संगणकाच्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो ब्लॉक पेलवेना. डिस्कमध्ये दोष नव्हता, दोन यंत्रांची मापे जुळत नव्हती! मग ‘डीबगएफएस’ या फाइल सिस्टीम तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, माऊंट न करताच, तुम्ही आतल्या फोल्डरांची नावे उघडून दाखवलीत.

ती नावे कुणा अनोळखी कुटुंबाची होती. लग्न, शाळा, कर, सुट्टी. तुम्ही तिथेच थांबलात, एकही फाइल उघडली नाहीत आणि दुकानात जाऊन देणगीदाराचा पत्ता लागतो का ते विचारून ये, असे मला सांगितलेत. दुकानाकडे तशी नोंद नव्हती. मग संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून तो डेटा कायमचा पुसण्याचा निर्णय आपण घेतला. काका, तंत्रज्ञान शिकवणारे पुष्कळ भेटतात. परक्याच्या खाजगी गोष्टींपुढे हात आवरायला शिकवणारे फार थोडे. मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती यासाठी.

पुसून झाल्यावर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती, आकडेवारी वाचायलाही तुम्हीच शिकवलेत. खराब सेक्टर एकही नव्हता, पण लोड सायकलचा आकडा मोठा होता, कारण ग्रीन मालिकेतल्या या डिस्क ८ सेकंद काम नसले की वाचणारे-लिहिणारे हेड बाजूला नेऊन ठेवतात (अशी प्रत्येक खेप म्हणजे एक लोड सायकल), आणि उत्पादकाने दिलेली मर्यादा सुमारे ३,००,००० वेळांची असते. तो कालावधी वाढवून घेतल्यावर डिस्कची सततची टकटक थांबली. पुढे ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीची इमेज डिस्कवर उतरवणे आणि नेटवर्कवरून फाइली वाटून देणारा सांबा हा प्रोग्रॅम बसवणे हे काम सरळ होते. पण तेही तुम्ही स्वतः न करता प्रत्येक आज्ञा मला टंकायला लावलीत, आणि ‘एंटर’ दाबण्यापूर्वी ती काय करणार आहे हे माझ्याकडून वदवून घेतलेत. इमेज डिस्कवर जशीच्या तशी लिहिणाऱ्या डीडीच्या आज्ञेत डिस्कचे नाव चुकले तर भलतीच डिस्क पुसली जाते, तेव्हा ही शिस्त किती मोलाची होती, हे निराळे सांगायला नको.

पेटी आता फक्त घरच्या नेटवर्कपुरती चालते आणि बाहेरून तिच्याशी कोणताही संपर्क होत नाही. एकाच डिस्कवर भरवसा ठेवू नये, या तुमच्या सांगण्याप्रमाणे चित्रफितींची दुसरी प्रत मंडळाच्या सचिवांच्या घरी ठेवली आहे. उरलेल्या व्हीएचएस कॅसेटींचे डिजिटायझेशन चालू आहे. त्यांत तुम्ही काम केलेला एक प्रयोगही आहे. त्याची प्रत पुढच्या रविवारी घेऊन येते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
तुमची शेजारीण