जर्सी कपाटात ठेवणाऱ्यांच्या वतीने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युरोपातला एखादा नामांकित फुटबॉलपटू आपला क्लब सोडून त्याहून बड्या क्लबकडे निघाला, की क्रीडा पानांवर दोनच गोष्टी दिसतात: त्याच्यासाठी मोजलेल्या रकमेचा आकडा आणि जर्सी जाळणाऱ्या चार-सहा जणांचा फोटो. सोबत बहुधा असाही सूर असतो, की चाहते भाबडे आहेत, खेळ हा आता धंदा झाला आहे हे त्यांना उमगत नाही. हे वाचून दरवेळी वाईट वाटतं, म्हणून हे पत्र. मी बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन क्लबचा चाहता आहे. आवडता खेळाडू दुसऱ्याच्या दारात जाताना पाहणं म्हणजे काय, हे आम्ही पुष्कळ वेळा भोगलं आहे.

पहिला मोठा घाव मारियो गोट्सेचा. तो डॉर्टमुंडच्याच युवा संघात वाढलेला. 2011 आणि 2012 अशी सलग दोन वर्षं आम्ही बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल साखळी स्पर्धा, जिंकली, ती त्याच्यासारख्या पोरसवदा खेळाडूंच्या जोरावर. 23 एप्रिल 2013 रोजी जाहीर झालं, की तो जर्मनीतल्याच बड्या बायर्न म्युनिककडे चालला आहे. दुसऱ्याच दिवशी आमचा चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वात मोठ्या क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीत रेयाल माद्रिदशी सामना होता! इतक्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी ही बातमी येणं म्हणजे मांडवात सगळे जमलेले असताना घरातल्या माणसाने बॅग भरून निघावं, तसं झालं. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांना चाहत्यांना विनवावं लागलं, की सामन्यात त्याच्या पाठीशी उभे राहा. आम्ही तो सामना 4-1 जिंकला, चारही गोल रॉबर्ट लेवांडोव्स्कीने केले. त्या आनंदातही मन कुठेतरी खट्टू होतं. पुढे लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या अंतिम सामन्यात आमच्यासमोर उभा राहिला तो बायर्नच. दुखापतीमुळे गोट्से त्या सामन्यात नव्हता. आम्ही 2-1 हरलो.

त्याच्या नावाची जर्सी मी जाळली नाही. घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवली. माझ्यासारखे असे असंख्य असतात. ते ओरडत नाहीत, कॅमेऱ्यासमोर येत नाहीत, त्यामुळे त्यांचा फोटोही छापून येत नाही.

आम्हाला धंदा कळत नाही, हे तर मुळीच खरं नाही. गोट्सेच्या करारात 3 कोटी 70 लाख युरोंचं कलम होतं. तेवढी रक्कम कुणी टेबलावर ठेवली, की डॉर्टमुंडला त्याला अडवण्याचा हक्कच उरत नव्हता. 1995 च्या युरोपीय न्यायालयाच्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू एक पैसाही न मोजता दुसरीकडे जाऊ शकतो, त्यामुळे करार संपत आला की क्लबचे हात बांधले जातात. एक तर मिळेल त्या किमतीला विका, नाहीतर फुकट गमवा. चॅम्पियन्स लीगमध्ये दरवर्षी पुढपर्यंत जाणाऱ्या क्लबांकडे त्या स्पर्धेचा पैसा येतो, त्या पैशावर ते आणखी खेळाडू घेतात आणि पुन्हा पुढे जातात. हे चक्र आम्हाला पाठ आहे. खेळाडूची कारकीर्द जेमतेम पंधरा वर्षांची, एक गुडघा दुखावला तर त्याहूनही कमी. त्याने जास्त मानधन आणि मोठे चषक शोधू नयेत असं म्हणणारा चाहता मला तरी अजून भेटलेला नाही.

मग दुखतं ते काय? दुखतं ते वागणं. लेवांडोव्स्कीचंच पाहा. तोही बायर्नलाच गेला, आणि तेही करार संपल्यावर, फुकट. क्लबला एक युरोसुद्धा मिळाला नाही. हिशेबाने पाहिलं तर त्याचा राग जास्त यायला हवा होता. पण जानेवारी 2014 मध्ये ते उघडपणे जाहीर झालं आणि त्यानंतरही तो जीव तोडून खेळला. त्या मोसमात 20 गोल करून तो बुंडेसलिगात अव्वल ठरला. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यानंतर त्याला टाळ्यांच्या गजरात निरोप मिळाला. आमच्यासाठी 103 गोल करून तो गेला, आणि ते 103 गोल आजही आम्ही आपलेच मानतो.

याउलट उस्मान डेम्बेले. 2016 मध्ये आला, पहिल्याच मोसमात जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात गोल करून आम्हाला चषक मिळवून दिला. ऑगस्ट 2017 मध्ये बार्सिलोनाचं बोलावणं आलं तसं त्याने सरावाला येणंच बंद केलं. क्लबने त्याला निलंबित केलं आणि अखेर साडेदहा कोटी युरोंना विकलं. पैशाच्या बाजूने हा व्यवहार लेवांडोव्स्कीपेक्षा कितीतरी फायद्याचा होता. तरी त्याचं नाव निघालं की आजही आम्हा चाहत्यांच्या कपाळावर आठी येते. चाहत्यांचं गणित पैशावर चालत नाही, ते असं.

आता शिवीगाळीबद्दल. इथे मी कुणाचीही बाजू घेणार नाही. लुईस फिगो बार्सिलोना सोडून 2000 मध्ये थेट कट्टर प्रतिस्पर्धी रेयाल माद्रिदला गेला. नोव्हेंबर 2002 मध्ये तो बार्सिलोनाच्या कॅम्प नाउ मैदानावर खेळायला आला तेव्हा त्याच्या दिशेने बाटल्या फेकल्या गेल्या, डुकराचं मुंडकंसुद्धा आलं, सामना काही काळ थांबवावा लागला. याला प्रेमाचा अतिरेक म्हणणं मला साफ नामंजूर आहे. ज्याच्या हातात बाटली आहे तो त्या क्षणापुरता चाहता नसतोच. खेळाडूच्या बायकामुलांना धमक्या पाठवणाऱ्यांबद्दलही मी हेच म्हणेन. हुर्यो उडवणं वेगळं. तो प्रेक्षकाचा हक्क आहे आणि मैदानाबाहेर पडलं की तो संपतो.

खेळाडूच्या मनातही काय चाललेलं असतं, हे रोबेर्तो बाज्जोच्या हकिकतीतून कळतं. 1990 मध्ये फ्लोरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबने या इटालियन खेळाडूला प्रतिस्पर्धी युव्हेन्तसला विकलं तेव्हा फ्लोरेन्सच्या रस्त्यांवर दंगल उसळली. पुढच्या वर्षी तो युव्हेन्तसकडून तिथे खेळायला आला. पेनल्टी मिळाली, आणि त्याने ती मारायला नकार दिला. सहकाऱ्याने ती वाया घालवली. नंतर त्याला बदलण्यात आलं. मैदान सोडताना प्रेक्षकांतून आलेला फिओरेन्तिनाचा जांभळा स्कार्फ त्याने उचलून घेतला. युव्हेन्तसचे समर्थक अर्थातच चिडले. मला मात्र ते दृश्य आठवलं की वाटतं, जाणारा माणूस सगळं झटकून जातो असं नाही.

आणि एक गोष्ट आम्हीही कबूल केली पाहिजे. दुसऱ्या कुणासाठी तो बडा क्लब आम्हीच असतो. 2020 मध्ये 17 वर्षांचा ज्यूड बेलिंगहॅम इंग्लंडचा बर्मिंगहॅम सिटी क्लब सोडून डॉर्टमुंडला आला. बर्मिंगहॅमने त्याच्या जर्सीचा 22 क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं. जेमतेम एक मोसम खेळलेल्या पोरासाठी हे काय, म्हणून पुष्कळांनी त्यांची टर उडवली. तेव्हा मलाही ते जरा जास्तच वाटलं होतं. 2023 मध्ये तोच बेलिंगहॅम आम्हाला सोडून रेयाल माद्रिदला गेला, तेव्हा त्या लोकांनी क्रमांक का जपून ठेवला ते मला समजलं. आपल्या अंगणात वाढलेलं पोर जगात नाव काढणार, याचा अभिमान आणि ते आपल्याकडे राहणार नाही याचं दुःख, दोन्ही एकाच वेळी छातीत असतं. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे विकला गेला, की रकमेतले 5 टक्के 12 ते 23 या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. लहान क्लबांना हा मोठा आधार असतो. हा नियम आपल्या पानांवर मी कधी वाचल्याचं आठवत नाही.

माट्स हुमेल्सबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. 2016 मध्ये आमचा हा कर्णधार बायर्नला निघाला, तेव्हा आपल्याच मैदानावर, आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. 2019 मध्ये तो परत आला. मे 2024 मध्ये पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात कॉर्नरवरून हेडर मारून आमचा एकमेव गोल त्यानेच केला आणि आम्हाला अंतिम फेरीत नेलं. त्या रात्री 2016 ची आठवण कुणी काढली नाही. चाहते कायमचा डूख धरून बसतात, हा समज त्या एका गोलने खोटा ठरवला. अंतिम सामन्यात समोर रेयालच्या जर्सीत बेलिंगहॅम होता. आम्ही 2-0 हरलो.

माझी विनंती इतकीच आहे. पुढच्या वेळी कुणी असा निघाला, की आकड्याच्या शेजारी तो करार केव्हा संपत होता, क्लबला नाही म्हणण्याची मुभा होती का, त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबला काय मिळालं, हेही चार ओळींत द्यावं. मथळ्यात 'गद्दार' हा शब्द नको. आणि जळत्या जर्सीच्या फोटोऐवजी एखाद्या वेळी सामना संपल्यावरही स्टँडमध्ये बसून राहिलेल्या माणसाचा फोटो छापावा. तो तिथे असतो, मी त्याला दरवर्षी पाहतो.

आपला,
डॉर्टमुंडचा एक जुना चाहता