जुन्या गाडीला फॅन बसवा म्हणता, मग रिले आणि फ्यूजबद्दलही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला, आवडला, फोटो तर फारच मस्त होते. पण त्यात एका ओळीत असं लिहिलंय की फियाट किंवा अँबेसेडर गरम होत असेल तर मारुतीचा इलेक्ट्रिक फॅन बसवून टाका, स्वस्तात काम होतं. फॅन बसवणं खरंच अवघड नाही हो, पण त्याला करंट कुठून आणि कसा द्यायचा हा महत्त्वाचा भाग आणि तोच नेमका राहून गेलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी गाडी गरम का होते ते बघा. फियाटचा मूळ फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर असतो, बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन जेवढं फिरणार तेवढाच फॅन फिरणार. गाडी पन्नास-साठच्या स्पीडला असली की समोरून येणारा वाराच पुरतो, फॅनची गरज पडत नाही, पण ट्रॅफिकमध्ये अडकली की इंजिन आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत मंद चालणारं, आणि फॅनही हळू, आणि काटा चढायला लागतो. तरीसुद्धा मुंबईत याच 1089 सीसीच्या इंजिनावर काळ्या-पिवळ्या पद्मिनी वर्षानुवर्षं (म्हणजे फियाटच, नंतरच्या नावाने) भर उन्हात जॅममध्ये चालल्याच ना, शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत 2003 ला नोंदली गेली आणि 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत त्या रस्त्यावर होत्या. म्हणजे रेडिएटर आतून साफ असेल, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) जागेवर असेल, बेल्ट ताणलेला असेल तर मूळ सिस्टीम काम करते. रेडिएटरच्या नळ्या गाळाने बंद झाल्या असतील तर बाहेरून कितीही हवा मारा, आत पाणीच फिरत नाही त्याला फॅन काय करणार? आधी रेडिएटर खोलून साफ करून घ्या, मग फॅनचं बघा.

आता वायरिंग. ओळखीतल्या एकाच्या पद्मिनीत गॅरेजवाल्याने फॅनची वायर सरळ इग्निशनच्या वायरला पीळ मारून जोडली होती, वर काळी टेप, फ्यूज नाही, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. सहा महिन्यांत टेपचा चिकटा सुटून वायरवर ओघळला होता आणि जॉइंटपाशी प्लास्टिक तपकिरी पडून कडक झालं होतं, बोट लावलं की तुकडा पडायचा. आणखी एक, गंमत नाही, धोकाच बघा, चावी बंद केली तरी इंजिन क्षणभर चालूच राहायचं. फॅन लगेच थांबत नाही, तो गतीने फिरत असताना त्याची मोटर स्वतःच करंट तयार करते आणि तो उलटा इग्निशन कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाला जातो, म्हणून. मालकाला वाटायचं कार्बोरेटर बिघडलाय, त्यावर पैसे घातले बिचाऱ्याने.

दहा इंची फॅन चालू असताना साधारण 8 ते 10 अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. पन्नास वर्षांपूर्वीचा इग्निशन स्विच आणि तेवढ्याच जुन्या वायरी यासाठी नाहीतच. म्हणून रिले पाहिजेच. 30 नंबरच्या पिनला बॅटरीची थेट वायर, 87 वरून फॅन, 86 ला इग्निशनची बारीक वायर आणि 85 थर्मोस्विचमधून (तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणारा स्विच) अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. झालं, चावी आणि स्विचमधून फक्त रिलेपुरता किरकोळ करंट जातो, मोठा करंट बॅटरीकडून थेट फॅनला, आणि तो उलटा कॉइलला जायचा प्रश्नही संपतो. वायर किमान 2.5 स्क्वेअर एमएमची घ्या, फ्यूज 15 किंवा 20 चा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूज वायर वाचवायला असतो, फ्यूजच्या आधी जी वायर पत्र्याला घासली तिला वाचवणारं कोणी नाही. पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची रिंग) घालायचाच. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, जुने रबरी पाइप त्याने खराब होऊन झिरपायला लागतात, आणि त्याच बॉनेटखाली तापलेली वायर म्हणजे आग लागायला वेळ लागत नाही.

थर्मोस्विच 92 डिग्रीला चालू आणि 87 ला बंद होणारे मिळतात, ते बहुतेक गाड्यांना चालतात. थर्मोस्टॅट ज्या तापमानाला उघडतो त्याहून जास्त तापमानाला हा स्विच चालू झाला पाहिजे, नाहीतर फॅन दिवसभर बंदच होणार नाही. नुसतं डॅशबोर्डवर बटण लावून काम भागवू नका, गप्पांच्या नादात बटण दाबायचं राहिलं की हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंच. बटण जादाचं म्हणून ठेवा हवं तर.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते डायनामोकडे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनरेटरकडे. जुन्या अँबेसेडरमधला लुकासचा डायनामो जास्तीत जास्त 22 अँपिअरच्या आसपास देतो, तेही गाडी पळत असताना, आयडलला जवळपास काहीच नाही. आणि फॅन चालतो नेमका आयडलला! दोन हेडलाइटचे सात-आठ, इग्निशनचे तीन-चार, वर फॅनचे दहा, रात्री चांदणी चौकात अर्धा तास अडकलात तर सगळं बॅटरीतूनच जातंय. डायनामो असेल तर आधी त्याजागी अल्टरनेटर (आयडललाही करंट देणारा नव्या पद्धतीचा जनरेटर) करून घ्या, मग फॅन.

मॉरिस मायनरसारख्या जुन्या इंग्लिश गाड्यांना तर पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू पत्र्याला जोडलेली, तिथे फॅनच्या दोन वायरी उलट लागल्या की फॅन उलटा फिरतो, आवाज तोच येतो पण हवा भलतीकडे. फॅन चालू करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे. आणि रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या आरपार घालून फॅन बांधू नका, हादऱ्याने नळ्या घासून गळती लागते, फ्रेमच्या बोल्टवर पट्टीचा ब्रॅकेट करा.

अजून एक. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, 20 हजार फी आणि व्हीए मालिकेची नंबर प्लेट, पण गाडी मूळ रूपात असावी ही अट आहे. 1974-75 च्या फियाट आता त्या वयात आल्यात. म्हणून मूळ फॅन कापू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका, बोल्टसकट तेल लावून ठेवा आणि नवीन भोकं न पाडता सगळं परत काढता येईल असंच बसवा.

एवढं सगळं तुमच्या पुरवणीत एका चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिलेच्या आकृतीसकट छापून घ्यावं अशी विनंती आहे, गॅरेजवाल्यासमोर कात्रण ठेवून लोकांना सांगता येईल की असंच करून दे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे