त्या व्हिडिओचा शेवट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ शेवटी एवढा का हलला, हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा ‘गर्दी होती’ म्हणून टाळलं. आज खरं ते लिहितो. आधी एवढं वाचा: चिकू ठणठणीत आहे. आत्ता तो तुमच्या लाकडी बैलाला वरणभात भरवतोय, उजव्याच हातानं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी त्याला इतवारीत नेलं, तुम्ही मला न्यायचात तसंच, खांद्यावर बसवून. मारबत म्हणजे रोगराई, इडापिडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा, बडग्या म्हणजे तसाच पुरुषाचा, आपल्या नागपूरची काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, हे तुमचं सगळं त्याला सांगत होतो. तो आपला ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडण्यात दंग. नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर आल्या आणि मोबाइल नीट धरता यावा म्हणून मी त्याला खाली उतरवलं. तेवढ्यात मागून बडग्याची गाडी आली, लोकांचा लोंढा आला. मी त्याचं मनगट धरलं आणि हिसका देऊन जवळ ओढलं. बाबा, व्हिडिओची हौस माझी होती. तुम्ही मागितला नव्हता, तेव्हा भलतं काही मनात आणू नका.

तो पडला नाही, कुठं खरचटलंही नाही. फक्त हात पोटाशी धरून उभा राहिला, एकदम गप्प. पिपाणी घेऊन दिली तर डाव्या हातानं घेतली. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. रस्ते बंद, ऑटो मिळेना. गांधीबागेपर्यंत त्याला उचलून चालत गेलो. माझ्या मानेवर त्याचा गरम श्वास लागत होता आणि तो सारखा विचारत होता, ‘‘बाबा, तू रागावला का?’’

डॉक्टरांनी काय घडलं ते विचारलं, सूज नाही हे बघितलं. म्हणाले, कोपराचं हाड जरासं सरकलंय. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे तिथले बंध सैल असतात, हात ओढला की असं होतं. त्यांनी तळवा वर फिरवला, कोपर दुमडलं, ‘टक्’ झालं. एकदा जोरात रडला. दहा मिनिटांत त्याच हातानं टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढायला लागला. प्लास्टर नाही, काही नाही. संध्याकाळी बैल घेऊन गल्लीभर फिरला, बोजाऱ्याचे पैसे गोळा केले. त्यातले दहा रुपये आबांना, म्हणजे बाबा तुम्हाला, द्यायचे म्हणून देवापाशी ठेवलेत.

तुम्हाला तेव्हाच सांगितलं नाही, ते मेघाच्या आणि माझ्या विचारानं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडेही झाले नव्हते. कळलं असतं तर तुम्ही त्याच रात्रीच्या गाडीत बसला असतात, आरक्षण असो नसो. लपवलं त्याचं वाईट वाटतंच. पण आठ दिवस तो नीट खेळताना पाहिल्यावरच सांगायचं, असं ठरवलं होतं.

आई, लहानपणी मी जिन्यावरून पडलो तेव्हा रात्रभर मला मांडीवर घेऊन बसली होतीस ना, तसा मीही त्या रात्री बसलो. तो केव्हाच झोपला होता, मलाच झोप येईना.

आता ऐका. लगेच निघायचं नाही. दसऱ्यानंतरचं तिकीट आहे, तेच राहू द्या. आई, दादाकडे जिना चढू नकोस, व्यायाम बुडवू नकोस. इथली काळजी नको. तुळशीला रोज पाणी घालतो, तुझ्या खोलीला नवा पंखा लावलाय. चिकूच्या हाताला तेल लावून मालीश करणारा कोणी शोधू नकोस, त्याची गरज नाही. उचलायचं तर काखेत हात घालून. सदरा घालताना बाही ओढायची नाही. एकदा सरकलेलं पुन्हा सरकू शकतं म्हणे.

आणि बाबा, दोन्ही हात धरून गरगर फिरवायचं नाही. मला फिरवलंत, मला काही झालं नाही, मला ते अजून आठवतं. तरीही नाही. त्याला खांद्यावरच घ्या, तेही कंबर दुखत नसेल तर.

तुमचा,
बाळू