फोनचं खातं भरणाऱ्या आजींना

माझा नवरा ख्मेर, म्हणजे कंबोडियन वंशाचा. जन्म थायलंडच्या सरहद्दीवरच्या निर्वासित छावणीतला; कंबोडिया त्याने पाहिलेलाही नाही. तीन वर्षांचा असताना अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला आला. एकोणिसाव्या वर्षी एक गुन्हा केला, शिक्षा भोगली. पण अमेरिकेच्या १९९६च्या कायद्याने तेवढी जुनी शिक्षाही हद्दपारीला पुरते, आणि २००२च्या करारानंतर कंबोडिया अशी माणसं परत घेऊ लागला. यंदा इमिग्रेशन कार्यालयात नेहमीच्या हजेरीला गेला तो घरी आलाच नाही; तिथूनच कोठडीत नेला.

अशा कोठडीतल्या माणसाला सरकार वकील देत नाही. वस्तीतल्या देणगीदारांच्या निधीने फी भरली. कोणी किती दिले, आजही ठाऊक नाही. एका तरुण स्वयंसेविकेने जुनी फाईल हुडकली. गुन्हा कबूल करताना हद्दपारीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, हे त्या कागदांतून दिसलं. कॅलिफोर्नियात २०१७पासून अशी शिक्षा रद्द करून घेता येते.

आणि त्या आजी! कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट याच्या काळात स्वतःची दोन मुलं गमावलेल्या. दर गुरुवारी भाताची पेज आणायच्या, कोठडीतल्या फोनचं खातं भरायच्या. म्हणायच्या, ‘‘लेकीला रोज बापाचा आवाज ऐकू दे.’’ मी पैसे पुढे केले की माझी मूठ मिटवायच्या. माझ्या आईनेही अशीच पेज भरवली असती, मेतकूट घालून.

गेल्या महिन्यात तो घरी आला. आजी, ताई, आणि ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत ते सगळे, मनापासून आभार. लेक आता फोन उशाशी घेऊन झोपत नाही.