मामंजींना 'माळकरी' म्हणणाऱ्या फादरांना

आदरणीय फादर,

मामंजींच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात आपण त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना, अर्पण केलीत. आभार जाहीरपणे मानते आहे, कारण मराठवाड्यात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत: सून कॅथलिक, सासर वारकरी.

याआधी एका ठिकाणी दारातच उत्तर मिळालं होतं, "बाप्तिस्मा नाही, मग मिस्सा कशी?" अंत्यविधीचा नियम मिस्सेला लावला की हे असं होतं. अंत्यविधीला बाप्तिस्म्याची अट आहे, तिलाही अपवाद आहेत. मिस्सेचं तसं नाही. कॅथलिक चर्चच्या 1983च्या धर्मसंहितेचं 901वं कलम सरळ सांगतं, की धर्मगुरू कुणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतात. ते कलम उघडून पाहिलं असतं, तर एका विधवेला रडत परतावं लागलं नसतं.

आपण मात्र किती जपून केलंत! मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेचे वेगवेगळे ठरलेले पाठ आहेत. त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या पाठात मृतासाठी जो जादा मजकूर घालतात, तो ख्रिस्ताबरोबरच्या मरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा. मामंजींना तो लागू नव्हता. आपण चौथा पाठ घेतलात. त्यात असा मजकूर घालताच येत नाही, आणि ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक त्या सर्व मृतांची आठवण त्यात मुळातच आहे. मामंजींचं नाव विश्वासूंच्या प्रार्थनेत, म्हणजे सगळ्यांसाठी केलेल्या विनवण्यांत, घेतलंत.

पण मनात घर केलं ते आपल्या एका प्रश्नानं. मिस्सेसाठी दिलेली माझी चिठ्ठी वाचून आपण सासूबाईंकडे वळलात, "आई, गावात काय म्हणायचे त्यांना?" त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "माळकरी." वेदीवरून नाव, गाव आणि 'माळकरी', तिन्ही ऐकू आलं. गेलेल्या माणसाला देवापुढे न्यायचं तर तो होता तसाच न्यावा, एवढी माणुसकी फार थोड्यांना सुचते.

आणखी कुणाला मिस्सा सांगायची असेल, तर चिठ्ठीवर नाव, गाव, तारीख लिहा आणि बाप्तिस्मा झालेला नाही हे आधीच कळवा. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ टाळा. चौथ्या पाठाची प्रस्तावना ठरलेली असते आणि त्या दिवसांची प्रस्तावना वेगळी, म्हणून ती तेव्हा चालत नाही.

फादर, 2 नोव्हेंबरला सर्व मृतांची आठवण करतात, त्या दिवसाच्या यादीतही मामंजींना घ्या. चिठ्ठी या वेळी सासूबाई स्वतः आणून देणार आहेत.

आपली,
माळकऱ्यांची सून